आधी कौतुक, मग मात्र

निरुपमाबाई दिघ्यांना आयुष्यात कुणाला सरळ "नाही" म्हणता आलं नव्हतं. हा त्यांचा मोठाच सद्गुण आहे, असं ज्यांचं ज्यांचं त्यांच्याकडे काम अडलेलं असे ते सगळे एकमुखाने सांगत. बडोद्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या. आता निजामपुऱ्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत गुलाब लावावेत, दुपारी दोन घटका लवंडावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तेवढ्यात एका मुक्त विद्यापीठाने त्यांना गाठलं आणि बाई अर्थातच "हो" म्हणाल्या.

दिवस होते नव्वदीच्या उत्तरार्धातले. देशाची दारं उघडली होती आणि त्यातून काय काय आत येत होतं! अलकापुरीत नवी नवी हॉटेलं, गल्लोगल्ली संगणकाचे क्लास, टीव्हीवर मोजता येणार नाहीत इतके चॅनल. आपल्याला व्यक्तिमत्त्व नावाची वस्तू आहे आणि तिचा विकास करून घ्यावा लागतो, हा शोधही लोकांना तेव्हाच लागला. मग काय, रेल्वेतले कारकून, दवाखान्यातल्या नर्सबाई, रिफायनरीतले पाळीवाले, मुलं मोठी झालेल्या गृहिणी, सगळे घरबसल्या मानसशास्त्राची पदवी घ्यायला धावले.

विद्यापीठ मोठं हुशार. ते शिकवणाऱ्याला शिक्षक म्हणत नसे, समुपदेशक म्हणे. वर्गाला संपर्कसत्र म्हणे आणि गृहपाठाला स्वाध्याय. नावं बदलली की शिक्षण आपोआप सुधारतं, यावर मुख्यालयाची गाढ श्रद्धा होती. हे संपर्कसत्र भरायचं दर रविवारी, भाड्याने घेतलेल्या एका प्राथमिक शाळेत. पन्नाशीचे विद्यार्थी पाच वर्षांच्या पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसत आणि तणावाचं व्यवस्थापन शिकत.

निरुपमाबाई इथल्या समन्वयक. अर्धवेळ समुपदेशकांना सांभाळायचं, हे त्यांचं काम. म्हणजे त्यांच्या वर्गात मागे बसायचं, त्यांनी तपासलेले स्वाध्याय वाचायचे आणि समुपदेशकांनी विद्यार्थ्यांवर मारलेल्या शेऱ्यांवर आपण शेरे मारायचे. हे कसं करायचं ते शिकवायला मुख्यालयाने अलकापुरीतल्या हॉटेलात शिबिर घेतलं होतं. दिल्लीहून आलेल्या एका टायवाल्या तज्ज्ञाने पडद्यावर तीन थर काढून दाखवले: वर कौतुक, मध्ये दोष, खाली प्रोत्साहन. माणसाला दोष कधी नागवा दाखवू नये, म्हणाला. त्यानंतर जेवण फार छान होतं.

बाकीच्यांनी जेवण लक्षात ठेवलं. निरुपमाबाईंनी तीन थर लक्षात ठेवले. "नाही" न म्हणता जगायची विद्या त्यांना जन्मजात होतीच, आता तिला शास्त्राचा आधार मिळाला. घरीसुद्धा त्यांनी सोडलं नाही.

"भेंडी काय सुरेख चिरलीत हो! मात्र आधी धुतली असती तर... पण तुम्ही हौसेने करता, हेच केवढं."

"मी तुझा समुपदेशक नाही," त्यांचे यजमान अविनाशराव म्हणत. रेल्वेच्या वर्कशॉपात त्यांचा जन्म गेलेला, तिथे नट ढिला असला तर ढिलाच म्हणत. "भेंडी धुतली नाही म्हणायचं ना? मग म्हण!"

बाईंच्या हाताखाली दोन समुपदेशक होते. पहिले दत्ताजीराव. यांचे आजोबा संस्थानच्या नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते, हे बडोद्यात कुणाला ठाऊक नसेल तर तो त्यांचा विद्यार्थी नव्हे. दत्ताजीरावांनी एम.ए. केलं त्याला जमाना झाला होता. त्यानंतर मानसशास्त्रात जे काही घडलं ते त्यांना न विचारता घडलं असल्यामुळे त्यांनी त्याची दखल घेतली नव्हती. स्मृती या प्रकरणावर ते पूर्ण सत्र बोलले, ते सगळं आजोबांच्या बग्गीच्या स्मृतींवर. भीती या प्रकरणात आजोबांनी वाघ मारला. पण माणूस मोठा रुबाबदार! बारा महिने कडक इस्त्रीचा कोट, भारदस्त आवाज. शाळेचं कुलूप उघडायच्या आधी दारात हजर असत. स्वाध्यायावर त्यांचा शेरा ठरलेला: "उत्तम. चालू ठेवा." एका रेल्वेच्या कारकुनाने उत्तरांच्या जागी चुकून मालगाड्यांचं वेळापत्रक टाचून पाठवलं, त्यावरही तोच शेरा. त्या बिचाऱ्याने तेच इमानाने चालू ठेवलं आणि परीक्षेत नापास झाल्यावर मुख्यालयाकडे तक्रार केली.

दुसरी मोहना. बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन डभोईला गेलेली. नवऱ्याचं खताचं दुकान होतं. रविवारी पहाटे सासू-सासऱ्यांचं आटपून ही एस.टी.ने बडोद्याला यायची. स्वाध्यायात कुणी चूक केली तर ती का झाली असेल, ते समासात बारीक अक्षरात लिहायची. एका नर्सबाईने शिक्षण सोडायचं ठरवलं होतं, तिला हिने रात्रपाळीतल्या झोपेवरच स्वाध्याय लिहायला लावला आणि ती बाई वर्गात पहिली आली. मोहनाचा दोष एकच. शिकवायला लागली की तिला वेळेचं भान राहत नसे. मग चौकीदार कुलूप लावायला दारात किल्ल्या वाजवत उभा राही, "बेन, ताळुं मारवानुं छे!"

असं सगळं बरं चाललं होतं, म्हणजे मुळीच बरं चाललेलं नव्हतं. दत्ताजीरावांचे विद्यार्थी पटापट नापास होत होते. संगणकाच्या क्लासांनी नवे विद्यार्थी पळवले होते. शेवटी मुख्यालयाने कळवलं, की यापुढे मानसशास्त्राला एकच समुपदेशक मिळेल, कुणाला ठेवायचं ते समन्वयकांनी ठरवावं. आणि यंदा निकाल सुधारला नाही तर हा विषय बडोद्यातून उचलून सुरतेला नेण्यात येईल. हे सगळं अर्थात बाईंच्या कार्याचा गौरव आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा यांच्या मधोमध होतं.

ठरवायचं काय होतं त्यात? दत्ताजीरावांना नारळ द्यायचा आणि मोहनाला ठेवायचं. शाळेच्या चौकीदारानेही हेच सांगितलं असतं. पण सांगायचं निरुपमाबाईंना होतं! दोघांपैकी एक जाणार ही कुणकुण एव्हाना सगळ्या केंद्रात पसरली होती. आठवडाभर बाईंनी आरशासमोर तालीम केली आणि रविवारी सत्र संपल्यावर आधी दत्ताजीरावांना बोलावलं.

"दत्ताजीराव, तुमच्यामुळे या केंद्राला एक उंची आली. मात्र दर रविवारचा हा भार तुमच्यावर टाकणं आता आम्हालाच बरं वाटत नाही. तुमच्या अनुभवाला आता मोकळं आभाळ मिळायला हवं, असं मनापासून वाटतं."

दत्ताजीरावांचे डोळे भरून आले. "समजलो, निरुपमाताई," ते म्हणाले. "कुणीतरी ओळखलं. आणखी काय हवं?"

किती समजूतदार माणूस, असं वाटून बाईंच्या जिवावरचा धोंडा उतरला. त्याच भरात त्यांनी मोहनाला आत घेतलं. तिला तर काय, चांगलीच बातमी द्यायची होती.

"मोहना, तू फार मनापासून शिकवतेस हो. मात्र वर्ग वेळेत संपत नाही, त्याची फार कटकट होते बघ. पण तुझ्यात गुण आहेत, तू कुठेही गेलीस तरी चमकशील."

मोहनाचा चेहरा उतरला. "बरं बाई," एवढंच म्हणून तिने पिशवी उचलली. एस.टी.ची घाई असेल, असं मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिकेला वाटलं.

पुढच्या रविवारी दत्ताजीराव पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर! चौकीदाराला पेढा, पाणीवाल्या मावशींना पेढा. आपल्याला बढती मिळाली आहे, दर रविवारचा हमालीचा भाग आता कुणी तरी नवखा करील आणि आपण साऱ्या केंद्राला दिशा द्यायची आहे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. नवखा येईपर्यंत अडचण नको म्हणून ते उदार मनाने मोहनाच्या वर्गावरही जाऊन बसले. आणि मोहना? ती आलीच नाही. तिच्या विद्यार्थ्यांनी आजोबांचा वाघ पुन्हा एकदा मरताना पाहिला.

"म्हणजे जायचा तो पेढे वाटतोय आणि राहायची ती घरी बसलीय," अविनाशराव म्हणाले. "वा! असं वर्कशॉपात झालं असतं तर इंजिन डब्यांच्या मागे लागलं असतं."

बाई रडकुंडीला आल्या. चिडल्या त्या आधी दत्ताजीरावांवर, मग मोहनावर. दोघंही मानसशास्त्र शिकलेली, आणि साधं बोललेलं कळू नये? एकाने वरचा आणि खालचा थर तेवढा खाल्ला, दुसरीने मधला. पण सुरत डोळ्यासमोर दिसत होती. सोमवारी सकाळी त्यांनी डभोईची एस.टी. पकडली.

मोहना दुकानात गल्ल्यावर बसली होती. मागे युरियाच्या गोण्यांची थप्पी. तिने बाईंना स्टूल दिलं, चहा मागवला, विचारपूस केली, आणि केंद्राचा विषय काही काढला नाही. शेवटी बाईंनीच घसा साफ केला.

"मोहना, तुझ्याइतकं चांगलं शिकवणारं माणूस मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलं नाही."

मोहनाने गल्ल्यातली चिल्लर सारखी केली.

"अगं, मी काय म्हणतेय?"

"ऐकतेय बाई. पुढचं येऊ दे."

"पुढचं काय?"

"मात्र. तुमचं मात्र यायचंय अजून."

"मात्र नाहीये!"

"बाई," मोहना समजूत घातल्यासारखी म्हणाली, "मी तुमच्याच हाताखाली शिकले. पहिलं वाक्य मन राखायला असतं, शेवटचं निरोपाचं. त्या दिवशीच मला कळलं. तुम्ही मुद्दाम इथवर आलात, बरं वाटलं. पण वाईट वाटून घेऊ नका."

बाईंनी आणखी दोनदा कौतुक केलं. जितकं कौतुक वाढलं तितकी मोहनाची खात्री पटत गेली, की प्रकरण आपल्याला वाटलं त्याहून गंभीर आहे. शेवटी बाईंचा इतक्या वर्षांचा संयम त्या गोण्यांमध्येच सुटला.

"अगं गाढवे!" त्या अशा ओरडल्या की एक गिऱ्हाईक दारातूनच परत फिरलं. "मूर्ख आहेस का तू? त्या माणसाला मी हाकलत होते आणि तुला ठेवत होते! तिकडे पोरं वाघ मोजतायत, विषय सुरतेला निघालाय, आणि तू इथे रुसून युरिया विकतेस? आणि हो, वर्ग उशिरा सोडतेस ही तुझी घाणेरडी सवय आहे, ती आधी बंद कर!"

मोहनाला हसू फुटलं, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लागला. "हे तेव्हाच म्हणायला काय झालं होतं?"

"तेव्हा मी सभ्यपणे बोलत होते," बाई फणकारल्या.

"येते मी रविवारी. पण दत्ताजीरावांचं काय?"

"बघते मी."

"बघते नको, बाई. सांगते म्हणा."

संध्याकाळी त्या दांडिया बाजारात दत्ताजीरावांच्या दोन खोल्यांत जाऊन उभ्या राहिल्या. दत्ताजीराव बनियनवर होते, कोटाला इस्त्री चालली होती. बाईंना पाहून त्यांनी घाईने सदरा चढवला आणि खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत. बसल्या असत्या तर त्यांच्या तोंडून पुन्हा उंची आणि आभाळच निघालं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"दत्ताजीराव, तुम्ही रविवारपासून येऊ नका. त्या दिवशी मला हेच सांगायचं होतं. तुम्हाला शिकवता येत नाही."

दत्ताजीरावांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"काय केव्हापासून?"

"शिकवता येत नाही ते."

बाईंच्या जिभेवर शंभर गोड वाक्यं आली. त्यांनी ती गिळली. "पहिल्यापासून," त्या म्हणाल्या.

"आणि तुम्ही मागच्या बाकावर बसून दर सत्राला लिहीत होतात. आवाज भारदस्त. उत्साह वाखाणण्याजोगा. पाठ आहे मला सगळं." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. "एकदा तरी असं म्हणायचं होतंत, निरुपमाताई. मी पुस्तकं आणून वाचली असती. घरी मला दुसरं काय काम होतं? मी पोरांच्या स्वाध्यायावर जे खरडायचो तेच तुम्हीही माझ्यावर खरडत राहिलात. उत्तम, चालू ठेवा."

निरुपमाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर कुणाचं मन दुखावलं नाही म्हणून त्या रात्री शांत झोपत आल्या होत्या. हा म्हातारा इतकी वर्षं लोकांच्या हसण्यात उभा होता, आणि त्याला त्यांनीच उभं केलं होतं.

दत्ताजीरावांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, कोट घडी करून खुर्चीवर ठेवला.

"आवाज तरी खरंच भारदस्त होता का?"

"होता," बाई म्हणाल्या.

दत्ताजीराव त्यांच्या तोंडाकडे पाहत थांबले, पुढचं यायची वाट पाहत. बाई पुढे काही बोलल्या नाहीत.