पास्कूबाबांची विकाऊ गाडी

पास्कूबाबांना गाडी विकायचीच नव्हती.

हे मला सोडून सगळ्या मालवणला ठाऊक होतं.

साठच्या दशकातली गोष्ट. मी धामापूरचा, नुकताच औषधांचा एजंट झालेलो. कुडाळ, सावंतवाडी, सगळीकडे एसटीने धक्के खात फिरायचो.

कोणीतरी सांगितलं, मालवणात समुद्राकडे पास्कूबाब म्हणून आहेत. बोटीवर कुक होते, रिटायर झाले. बायको वारली, मुलगे आफ्रिकेत. एक छोटी गाडी विकायला काढलीय.

गेलो. रविवार होता. ते नुकतेच चर्चमधून आलेले, अंगात कोट तसाच.

"गाडी पेट्रोल पिणा नाय रे, नुसता हुंगता," म्हणाले. "बस, ट्रायल देतंय."

ट्रायल म्हणजे किती? पार धामापूरच्या तळ्यापर्यंत! माझ्या घरापर्यंतच आणून सोडलं म्हणा ना.

तळ्यावर बसून सोबत आणलेला केक खायला घातला. बोटीवरच्या गोष्टी सांगितल्या. मग एकटेच गाडी घेऊन परत गेले.

मी खूश. आईला सांगितलं, गाडी ठरली.

आई म्हणाली, "देवीक इचारलंस?"

आमच्याकडे कौल लावल्याशिवाय म्हैससुद्धा घेत नाहीत, गाडी कुठली घेणार! गुरवाने भगवतीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

डावी पडली.

पडेल चेहऱ्याने पुढच्या रविवारी सांगायला गेलो. पास्कूबाबांचा चेहरा मात्र असा काही खुलला की मला रागच आला.

"देवी शाणी आसा," म्हणाले. "घाय करू नको. इलंस तसो बस, एक फेरी मारून येवया."

पुन्हा तळं. पुन्हा केक.

पुन्हा कौल डावा.

असं बरेच रविवार चाललं. मी दारात दिसलो की पहिला प्रश्न, "कौल इलो?" मी नाही म्हटलं की कोट घालून तयार. क्रॉस गळ्यात घालणारा माणूस आमच्या भगवतीवर एवढा खूश मी दुसरा पाहिला नाही.

मग एकदाची उजवी पडली.

मी धावतपळत जाऊन सांगितलं. पास्कूबाब उठून गाडीकडे गेले. काचेवरची 'विकणे आहे'ची चिठ्ठी काढली, घडी करून खिशात घातली.

"तुझी देवी आणि माझो देव," म्हणाले, "दोघांनी मिळान गाडी काढून घेतल्यानी."

चावी हातात दिली. ती लगेच सोडली नाही.

"आता आयतवारी मी काय करू, रे?"

गाडी घेऊन घरी आलो. नव्या गाडीचा आनंद काही झाला नाही, खोटं कशाला सांगू.

पुढच्या रविवारी त्यांच्या दारात जाऊन हॉर्न दिला.

पायरीवर बसले होते. कोट घालून.

म्हटलं, "पास्कूबाब, गाडी विकूची आसा. ट्रायल घेवा."

हसले नाहीत. गंभीरपणे बाजूच्या सीटवर बसले आणि तळ्यापर्यंत गाडीला नावं ठेवत राहिले. क्लच घासता. ब्रेक सैल आसत. आणि चलवणाऱ्याक अक्कल नाय.

उतरताना म्हणाले, "इचार करून सांगतंय. पुढल्या आयतवारी परत ये."

अनेक वर्षं ते विचारच करत होते.

आणि एका रविवारी हॉर्न दिला, पायरी रिकामी होती.

आज त्यांच्या जाण्याचा दिवस. आता त्यांच्यासाठी मेणबत्ती लावणारं इथे कोणी नाही, म्हणून हे लिहितोय.

आणखी एक सांगायचंय.

मीही माझी गाडी विकायला काढलीय. छोटीच आहे, ॲव्हरेज मस्त. बायको गेली, मुली पुण्याला, आणि डोळ्यांच्या डॉक्टरने ड्रायव्हिंग बंद करायला सांगितलंय. ऑनलाइन जाहिरात टाकली तर वालावलचा एक मुलगा आला. ट्रायलला त्यालाच चालवायला दिली आणि तळ्यापर्यंत नेलं.

"काका, फायनल काय ते सांगा," म्हणाला.

म्हटलं, "घाई काय आहे? आधी कौल लाव."

बिचारा खरंच लावत होता. दर रविवारी येऊन 'नाही' सांगायचा, आणि आम्ही फेरी मारून यायचो.

काल त्याचा फोन आला. उजवा पडला.

उद्या गाडी घेऊन जाईल.

पास्कूबाब, आता आयतवारी मी काय करू?

तळ्यावर तुमच्या नावाने केक ठेवून आलोय. बरे राहा. येतो.