जोडणी होत नाही

खंडेनवमीच्या सकाळी आगाशीच्या घरी लॅपटॉप उघडला तर ऑर्डरीच दिसेनात. बाबांच्या सातिवलीच्या गाळ्यासाठी मी वेब ॲप्लिकेशन लिहिलं होतं. ऑर्डरी दिसायच्या फोनवर, पण राहायच्या गाळ्यातल्या कॉम्प्युटरवर, डेटाबेसमध्ये. या दोघांची गाठ घालायची तर सेटिंग्जच्या फाइलमध्ये पत्ता, नाव, पासवर्ड अचूक लागतो. आदल्या संध्याकाळी तो पासवर्ड मी बदलला होता आणि डेटाबेसच्या तक्त्यांतही थोडी ढवळाढवळ केली होती. आता पडद्यावर एकच रड: डेटाबेसशी जोडणी होत नाही.

पासवर्ड पुन्हा टाकला. पोर्ट तपासला. ॲप्लिकेशन नव्याने सुरू केलं. ढिम्म! ढवळाढवळीत मी तक्तेच पुसले की काय? बॅकअपची प्रतही त्याच कॉम्प्युटरवर, शहाणपण माझंच. बाबा त्याला 'डबा' म्हणायचे, दिवाळीपर्यंत वापरून बघतो म्हणाले होते. नाहीतर ऑर्डरी पुन्हा त्यांच्या डोक्यात. आणि ते डोकं आता पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. पावसाळ्यात त्यांनी एकाच गिऱ्हाइकाचा माल दोनदा बनवला होता आणि दुसऱ्याचा विसरले होते. मला धास्ती त्याची होती.

बाबा फोन उचलेनात. बस, मग रिक्षा, असं करत गाळ्यावर पोचले. वाटेत रिक्षावाल्यावर उगाच खेकसले.

गाळा गप्प होता. लेथ, ड्रिल, ग्राइंडर पुसून लख्ख, एकेकाला झेंडूची माळ. मशीनची पूजा दरवर्षीच व्हायची. पण या वेळी कॉम्प्युटरलाही माळ होती, हळदकुंकू होतं, पुढे नारळ होता. आणि तो बंद होता.

"बाबा, हा कोणी बंद केला?"

"मीच. बटण सापडेना, प्लगच काढला. आज मशीनला हात लावायचा नसतो, माहीत नाही का तुला?"

चालू डेटाबेसचा प्लग असा ओढलेला! अशाने आतल्या नोंदी बिघडू शकतात.

"अहो बाबा, पाच मिनिटं लावू द्या ना. मला फक्त आत बघायचंय."

"उद्या बघ. आणि कुंकू पुसू नकोस."

मग माझ्याजवळ येऊन, प्रसादासाठी थांबलेल्या कामगारांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "सगळं आहे ना गं त्यात? मी आता काही ध्यानात ठेवतच नाही. जमतही नाही."

"आहे बाबा," मी म्हणाले. आहे की नाही, ते मला माहीत नव्हतं.