कोऱ्या पाठीचं पुस्तक

"किती देताल ह्याचे? खरं सांगा." पुस्तक तळहातावर घेऊन, वांगी तोलावी तसं तोलत सर हे कुणालाही विचारायचे. चहावाल्याला, रिक्षावाल्याला, मलासुद्धा.

विष्णुपुरीला कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी पानं लावते, पिना मारते. चौथी शिकले. वाचता येतं, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की जीभ जड होते. सर चाकूरकडचे, पोरांच्या मेसचे मॅनेजर. त्यांनी एक खेळ लिहिला होता. चार-पाच जणांनी गोल बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. कुणी चोर, कुणी वैद्य. अडलं की फासा टाकायचा. त्याचे नियम म्हणजे हे पुस्तक.

आधी किंमत दीडशे होती. एकही गेलं नाही. मग शंभर, मग साठ. दर वेळी जुन्या आकड्यावर मी नवी चिठ्ठी चिकटवायची. शेवटी सर म्हणाले, "ताई, दहा करा."

मालक हसले. "सर, नुसती झेरॉक्स पंचवीसला पडते. अन्नछत्र काढलं का?"

"नवा माणूस भितो हो. चहाच्या पैशात आला तर येईल. एकदा बसला की उठत न्हाई."

आणि खरंच, पुस्तकं खपायला लागली. सर रिकामी फळी बघून म्हणायचे, "ताई, पोरं खेळून राहिलीत!" रविवारी दुकानाबाहेरच्या बाकावर फासे मांडून बसायचे. कुणी यायचं नाही. "परीक्षा असतील," म्हणायचे, आणि फासे रुमालात बांधायचे.

मला कारण माहीत होतं. प्रत्येक पानाची पाठ कोरी होती. खेळणाऱ्यानं तिथं आपलं माणूस लिहावं म्हणून सरांनीच तशी ठेवायला लावली होती. रफ वही वीसला मिळते. पोरं पुस्तक उलटं करून त्यात गणितं सोडवायची. मी रोज बघायची. सांगायचं ठरवायची, आणि पिना मारत राहायची. फार थकल्यासारखं व्हायचं त्या दिवसांत.

एक दिवस सर उभे असतानाच एका पोरानं ते पुस्तक काउंटरवर ठेवलं. "मागच्या बाजूची झेरॉक्स द्या, काकू. पुढचं नको."

सरांनी ते उचललं. एक-एक पान उलटलं. पोराला म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुझं." मग माझ्याकडं वळले. "ताई, ठाऊक होतं?"

"हाव," मी म्हणाले.

त्यांनी सवयीनं पुस्तक तळहातावर तोललं. पण किंमत विचारली नाही.

पुढं मेस दुसऱ्या कुणी चालवायला घेतली. सर गावाकडं गेले म्हणतात.

उरलेलं एक पुस्तक मी घरी आणलंय. पहिल्या पानाच्या पाठीवर माझं माणूस लिहिलंय : बाई. बोलायला धीट. पुढं काय लिहायचं, ते सरांना विचारायला हवं होतं.