हळू घे

काल सकाळी मोबाइलवर चलान आलं. वाशिंदच्या पुढे माझी गाडी मर्यादेपेक्षा जराशी जास्त पळाली, म्हणून दंड. एवढ्याशा वेगासाठी! मी चिडलोच. आणि मग एकदम ती अँब्युलन्स आठवली.

कल्याणच्या दवाखान्यात बाबा गेले, त्या दिवशी त्यांना धसईला घरी न्यायचं होतं. दिवस मावळायच्या आत अग्नी द्यायचा, म्हणून मुरबाड सोडल्यावर ड्रायव्हरने गाडी दामटली. वळणावळणाला पांढऱ्या चादरीखाली बाबा हलत होते. त्यांना जन्मभर गाडी लागायची, म्हणून प्रवासात आई त्यांच्यासाठी लिंबू घ्यायची. त्या दिवशीही तिच्या मुठीत लिंबू होतं. सालीत नख रुतून त्याचा वास गाडीभर पसरला होता.

"हळू घे रे," ती ड्रायव्हरला म्हणाली, "यांना जोरात नाय सोसत. गाडी लागते."

ड्रायव्हरने आरशात तिच्याकडे पाहिलं आणि वेग कमी केला. आम्ही धसईला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता.

पुढे माझ्या गाडीत बसली की ती मलाही तेच सांगायची. मी वैतागायचो.

काल मुकाट्याने दंड भरला. आई गेल्यापासून मला 'हळू घे' म्हणणारं पहिल्यांदाच कुणीतरी भेटलं होतं.