धर्मा नाखव्यांनी ऐकवलेली घोळ

दर मंगळवारी सुकी मासळी घेऊन म्हसळ्याच्या बाजाराला येणारी यमुना एका मंगळवारी दिसली नाही. पुढच्या मंगळवारी ती रिकाम्या हातांनी थेट माझ्या ओटीवर आली आणि म्हणाली, “मास्तर, बाबा गेलं. जाळं शिवता शिवता बसल्या जागी मान टाकलान.” तिचे वडील म्हणजे दिघीचे धर्मा नाखवा, स्वतःची होडी चालवणारे कोळी. दुःख होतेच... पण त्याहून जास्त लाज होती. त्यांच्यापाशी एक गोष्ट कबूल करायची होती, आणि ती मी पंधरा वर्षे उद्यावर ढकलली होती.

महायुद्ध संपून चार-पाच वर्षे झाली असतील. दिघीच्या शाळेत मी एकटाच मास्तर. एकदा वर्गात सांगितले की मासे मुके असतात. पुस्तकात तसेच होते. दुसऱ्या दिवशी धर्मा नाखवा शाळेच्या दारात उभे. माझ्याहून सात वर्षांनी मोठे, तरी त्या काळी मी त्यांना ‘अरे धर्मा’च म्हणत असे.

“मास्तर, मासं मुकं असत्यात असं पोरांना शिकवताव म्हनं?”

“पुस्तकात आहे तसं, धर्मा.”

“पुस्तक कदी दर्यात गेलंलं काय? रविवारी या माझ्यासंगं.”

नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती. खाडीच्या तोंडाबाहेर पडताच मला बोट लागली आणि सकाळची न्याहारी समुद्रात गेली. नाखवा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “आमी गळाला चिमूटभर आमिष लावतो. तुमी तं आख्खं जेवान वाढलंत माशांना!” मग त्यांनी शीड उतरवले, वल्ह्याचे पाते पाण्यात खोल सोडले आणि मूठ माझ्या कानाला टेकवली. “आता तोंड मिटा. म्हंजी आतलं भाईर येनार न्हाय, आन् भाईरचं आत ऐकू येल.”

आधी नुसते पाणी. मग त्या लाकडातून, कुणी ओल्या बोटांनी डफ वाजवावा तसा आवाज येऊ लागला... थांबून थांबून, मग एकदम दहा ठिकाणांहून. “घोळ बोलतेय,” ते हळूच म्हणाले. आवाजावरून घोळ माशांचा थवा केवढा, किती खोल, हे ते सांगत आणि मगच जाळे टाकत. लहान घोळींचा आवाज पातळ असतो. तो ऐकू आला की रिकामी होडी घेऊन परत फिरत. “शाळंत जानाऱ्या हाईत,” म्हणत, “मोठ्या व्हऊ दे.”

किनाऱ्यावर त्यांनी एक घोळ चिरून मला तिच्या पोटातली हवेची जाड, पांढरी पिशवी दाखवली. दोन्ही बाजूंना मांसाचे लालभडक पट्टे. “ह्यो ढोल, आन् ही टिपरी,” ते म्हणाले. मला पटले नाही. काही मासे दात घासून आवाज करतात, असे एका इंग्रजी पुस्तकात मी वाचले होते.

त्या दिवसांत मासिकांतून समुद्राविषयी छापून येई ते जलपऱ्यांचे आणि जहाजे गिळणाऱ्या सर्पांचे. त्यात माझा ‘बोलणारे मासे’ हा लेख गाजला. लेखात ‘माझ्या निरीक्षणास आले’ असे सात वेळा होते. धर्मा नाखवा एकदाही नव्हते. आणि घोळ स्वतः चिरून पाहिली असून ती दात घासून आवाज करते, असे ठासून लिहिले होते. पुढच्याच अंकात मुंबईच्या एका प्राध्यापकांचे पत्र आले. निरीक्षण मोलाचे, पण आवाज हवेच्या पिशवीतून येतो. मासा चिरूनही लेखकाला हे दिसू नये? मी चिडून उत्तर पाठवले आणि ते छापूनही आले: ‘दातांची माहिती मला येथील धर्मा नावाच्या अडाणी कोळ्याने दिली. तीवर विश्वास ठेवला, हीच माझी चूक.’

चार दिवसांनी स्वच्छ बंडी घालून, शेजारच्या दोघांना सोबत घेऊन नाखवा शाळेत आले. त्यांचे नाव छापून आल्याचे गावात कुणीतरी सांगितले होते. “वाचा, मास्तर. मोठ्यानं वाचा, ह्यांनाबी ऐकू द्या.”

मी अंक उघडला. आणि मी वाचले ते त्या पानावर नव्हतेच. तिघांनी मन लावून ऐकले. नाखव्यांनी अंक मागून घेतला, कपाळाला लावला आणि घरी नेला. त्यानंतर कितीतरी महिने त्यांना समोरून येताना पाहिले की मी वाट बदलत असे. पण दर मोसमात तेच मला होडीवर बोलवायला येत. दर्याचे जे काही मला कळते ते त्यांनी शिकवलेले. पुढे पेन्शन घेऊन मी म्हसळ्याला परतलो, तरी बोलायचे धैर्य झाले नाही.

तेराव्याला दिघीला गेलो तेव्हा तो अंक त्यांच्या घरात होता. मी यमुनेला बाजूला घेऊन सगळे सांगून टाकले. ती शांतपणे म्हणाली, “बाबांना ठावं व्हतं.”

त्याच आठवड्यात खाडी ओलांडायच्या तरीवरच्या कारकुनाने तो मजकूर त्यांना वाचून दाखवला होता. घरातले सगळे भडकले. तिचा भाऊ मला जाब विचारायला निघाला. नाखव्यांनी त्याला उंबऱ्यावरच अडवले. “काय म्हनालं बाबा, सांगू?” यमुना म्हणाली. “म्हनालं, मास्तरांनी तोंडानं वाचलं त्येच खरं हाय. छापनारा चुकला आसंल.”

छापणारा चुकला नव्हता, संपादक महाशय. अंक तुमच्याच मासिकाचा होता, म्हणून हा लेख तुमच्याकडे धाडतो आहे. त्या दिवशी शाळेत मी जे वाचले, ते आता तरी जसेच्या तसे छापा:

‘घोळ बोलते, हे मला दिघीचे धर्मा नाखवा यांनी ऐकवले. तिचा आवाज पोटातल्या हवेच्या पिशवीतून येतो, हेही त्यांनीच मासा चिरून दाखवले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी ऐकले नाही.’