राखेतली बरबटी

लोहारा गावच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून खोलीवर आले, की डोळे मिटताच मी फुलसावंगीकडच्या आमच्या वावरात असायची. पुढे बैल, पेरायच्या तिफणीच्या चाड्यावर मूठ धरलेली माय, आणि मागे मी, हातातल्या सरत्याच्या नळीतून बरबटीचा, म्हणजे चवळीचा, दाणा दाणा सोडत. आठ ओळी कापूस, मग एक ओळ तुरीची, आणि तिच्यातच बरबटी. स्वप्नात ते तास संपायचेच नाहीत. मला ते संपायला नकोच असायचे.

कापसानं सगळ्यांना रडवलं, ती वर्षं होती. गावातली धडधाकट माणसं एसटीत बसून निघून गेली, त्यात मीही. निंदायला बाया मिळेनात, म्हणून मागे राहिलेले लोक ओळींमध्ये तणनाशक मारू लागले. त्यानं बरबटीही जळायची, मग ती पेरतंय कोण? एकटी माझी माय. तिच्या वावराला खत कमी लागायचं, मातीत गांडुळं दिसायची, आणि कापूस फसला तरी घरात खायला असायचं. तरी लोक तिला हसायचे. थोडी मीही हसायची.

त्या हिवाळ्यात ती माझ्याकडे राहायला आली. बंद घरात बरबटीचं बियाणं उंदीर खातील म्हणून जुन्या लुगड्याच्या फडक्यात ते बांधून आणलं आणि फळीवर ठेवलं. पेरणीला आठ दिवस ये म्हणाली. "तू फक्त सरता धर, बाकी मी करतो." मी हो म्हटलं. आठ दिवस सुट्टी घेणाऱ्यानं परत येऊ नये, असं कारखान्यात आधीच बजावलेलं होतं. ते तिला सांगायचं मी टाळत राहिले.

एका संध्याकाळी झोपेनं पेंगत घरी आले. भाजी नव्हती. फळीवर हात गेला, गाठोडं सुटलं, दाणे तीन पाण्यांतून धुतले आणि कुकर लावला. खोलीभर गावाकडचा वास पसरला आणि मला उगाच फार बरं वाटलं.

मायनं पहिला घास घेतला आणि ती थांबली.

"हे आपलं बी हाये ना?"

तिनं ताट पुसून खाल्लं, मग म्हणाली, "चांगली शिजली. गावात हे बी आता कोणापाशी नाही, मी तिकडं जाऊन काय करू? वावर देऊन टाकतो मक्त्यानं, दुसरं कोणी पेरू दे."

झोपेत चूक झाली, असं मी आजवर सांगत आले. पण बोटांना राख लागली होती, आणि आमच्याकडे राख फक्त बियाण्यालाच लावतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी हात थांबला नाही. माय मला इथेच हवी होती, आणि सुट्टी मागायची हिंमत माझ्यात नव्हती. याची लाज मला अजून वाटते.

त्या पेरणीला मी एकही सुट्टी घेतली नाही. आमच्या वावरात नुसता कापूस उगवला, आणि माय लोहाऱ्याच्या खोलीत माझ्या डब्यासाठी बाजारातली बरबटी निवडत बसायची.