घर म्हणून साठवलेली जागा

मोटारीतलं जीपीएस मोटारसायकलवर किंवा डोंगरात हाकायच्या जीपवर बसवून हवं असेल, तर बाजारातली माणसं एकच नाव सांगत: खटपट्या. जीपीएस बिचारं मोटारीसाठी जन्मलेलं. बंद काचेआड, सपाट रस्त्यावर बोलायची त्याला सवय. त्याला उघड्या हँडलवर बसवणं म्हणजे घरकोंबड्याला घोड्यावर चढवणं. खड्ड्यात वायर क्षणभर निसटली तरी त्याला वाटे, गाडी थांबली, प्रवास संपला, आणि ते मुकाट्याने बंद पडे. म्हणून खटपट्या वायर थेट बॅटरीवरून घेई, सगळे जोड डाख देऊन पक्के करी, पकडीखाली जुन्या ट्यूबचं रबर घाली, वर उन्हासाठी पत्र्याची झापड लावी आणि हेल्मेटात कानाशी बारकासा स्पीकर बसवी. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणे, "आत्ता थांबलात तर एक चहा जास्त प्याल. डोंगरात अडकलात तर माझ्या नावाने शंख कराल."

बसवून झालं की तो स्वतः परीक्षा घेई. पडद्यावर 'घर' म्हणून गॅरेजचीच जागा साठवायची, बंद पडलेल्या खाणीमागच्या दगडगोट्यांच्या वाटेने लांब जायचं, आणि तिथून 'घर' दाबून जीपीएस सांगेल तसं परत यायचं. गॅरेजच्या दारापर्यंत एकदाही बंद पडलं नाही, तर काम पास. मग तो गिऱ्हाइकाला विचारी, "हं, आता तुमचं घर सांगा," आणि गॅरेज पुसून त्याचा पत्ता भरून देई. हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याने कधी कुणाच्या हातात किल्ली दिली नव्हती.

त्याच्या मोठ्या भावाला, दादाला, या सगळ्याचं हसू येई. दादाने उभी हयात त्या खाणीवर जीप चालवली. नकाशात जिथे नुसती पांढरी जागा, तिथली वाटन् वाट त्याला तोंडपाठ. "ज्याला रस्ता ठाऊक नाही त्याने घराबाहेर पडावं कशाला?" हा त्याचा ठरलेला टोमणा. दैवाला थट्टेची लहर आली की ते नेमकी अशीच माणसं हेरतं. कामातून सुटल्यावर दादा आधी लोकांची नावं विसरला, मग वार. आणि एके दिवशी मोटारसायकल घेऊन खाणीकडे गेला तो फाट्यावरच उभा राहिला, कारण परतीची वाट आठवेना.

डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. वहिनीने किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. किल्ली गेली आणि दादाही गेल्यासारखाच झाला. दिवसभर खुर्चीत बसून राही. ताट पुढे ठेवलं तर जेवी, नाही ठेवलं तर मागत नसे. धाकट्याला ते बघवेना.

"वहिनी, मी त्याच्या गाडीवर जीपीएस बसवतो," तो म्हणाला. "खाणीच्या वाटेवर चिटपाखरू नसतं. तिथवर जाईल, एक बटण दाबेल आणि परत येईल."

"आणि नाही आले तर, भावजी?"

"मी बसवलेलं कधी बंद पडलंय का?"

वहिनीचं मन घेत नव्हतं. पण खुर्चीतला तो माणूस तिलाही सोसत नव्हता. "बसवा," ती शेवटी म्हणाली. "या वयात सवत यायची होती, तीही हँडलवर. निदान तिचं तरी ऐकतील."

इतकं जीव ओतून काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. कुठे दाबायचं ते कळावं म्हणून पडद्याच्या कडेला लाल टिकली चिकटवली. खाणीची वाट एकदा सोडून दोनदा फिरून आला. जीपीएस गॅरेजच्या दारापर्यंत हूं की चूं न करता चालू. दादा इस्त्रीची पँट घालून गाडी न्यायला आला होता. धाकट्याने त्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, बटण दाखवलं, आणि तो नेहमीचा प्रश्न ओठांवर आला. तुमचं घर सांगा. दादाला हे कसं विचारायचं? त्याला सांगता आलं नाही तर? तेव्हाचं त्याचं तोंड बघायची धाकट्याला भीती वाटली. त्याने प्रश्न गिळला, आणि त्या प्रश्नामागोमाग हात जे काम आपोआप करत, तेही राहून गेलं. त्या दिवशी दोघे भाऊ बरोबरच दादाच्या घरी गेले, धाकटा जीप घेऊन पुढे, दादा मोटारसायकलवर मागे.

दुसऱ्या दिवशी बाजार बंद होता. दादा सकाळी शीळ घालत निघाला. ती शीळ वहिनीने किती महिन्यांनी ऐकली होती. तिने मुद्दाम फोन करून धाकट्याला ऐकवली.

जेवणवेळ टळली तरी दादा परतला नाही. धाकट्याने जीप काढली, वहिनीला शेजारी घेतलं आणि खाणीकडच्या सगळ्या वाटा पालथ्या घातल्या. जीपच्या पडद्यावर नकाशा संपला होता. बाण पांढऱ्यात एकटाच फिरत होता. प्रत्येक घसरणीवर थांबून तो खाली डोकावे. खाली गाडी पडलेली नसे, म्हणून हायसं वाटे, आणि लगेच वाटे, मग गेला कुठे? उन्हं कलली तसं पेट्रोल संपत आलं. गॅरेजात भरलेला कॅन होता, म्हणून ते बाजाराकडे वळले.

गॅरेजच्या बंद शटरसमोर मोटारसायकल स्टँडवर लावलेली होती. पायरीवर दादा बसला होता, डोक्यावर हेल्मेट तसंच. उन्हाने ओठ फुटले होते, शटरवर थापा मारून मारून तळवे लाल झाले होते. गाडीची किल्ली चालूच राहिली होती आणि पडद्यावर अजून अक्षरं होती: आपण घरी पोहोचला आहात. जीपीएस एकदाही बंद पडलं नव्हतं.

"कुठे होतीस गं?" दादाने वहिनीला विचारलं. तो चिडला नव्हता, ओशाळला होता. "केव्हाचा दार वाजवतोय."

वहिनीने हेल्मेट काढून त्याला पाणी पाजलं.

"दादा, हे गॅरेज आहे," धाकटा म्हणाला. "आपलं घर पाण्याच्या टाकीजवळ."

"तेच म्हणतोय मी. टाकीजवळ एक घर लागलं. गॅलरीत हिचा हिरवा स्वेटर वाळत होता. गाडी थांबवली, म्हटलं हे तर आपलंच. पण ती बाई कानात म्हणते, सरळ जा. पुन्हा वळून आलो, तरी म्हणते, सरळ जा. मग म्हटलं, माझ्या डोक्याचं काही खरं नाही आता. हे धाकट्याने बसवलंय. तो चुकायचा नाही."

म्हणजे दादाला घर ओळखू आलं होतं. एकदा नव्हे, दोनदा. आजाराने जे अजून नेलं नव्हतं, ते धाकट्याने आपल्या हाताने काढून घेतलं होतं. तो त्याच पायरीवर बसला आणि रडला. दादा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. कशासाठी रडतोय, हे काही त्याने विचारलं नाही.

वहिनीने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. गाडी कुणाला तरी देऊन टाकली. खटपट्या हल्ली दिव्यांची आणि हॉर्नची कामं करतो. कुणी जीपीएस घेऊन आलं की नाही म्हणतो. "काय, संपली का खटपट?" लोक चिडवतात. तो हसतोसुद्धा.

संध्याकाळी वहिनी दादाला पाय मोकळे करायला नेते. परत आल्यावर तो दारातच थांबतो. वहिनी आत दिवा लावते, हाताला धरून ओढते, पण हा उंबऱ्याबाहेरून हलत नाही. मग धाकट्याला फोन जातो आणि हातातलं काम टाकून तो येतो. रोज येतो. "हो दादा, हेच घर," असं त्याने म्हटल्याखेरीज दादा आत पाऊल टाकत नाही.

एकदा धाकट्याला राहवलं नाही. "दादा, ती बघ तुझी खुर्ची. ह्या बघ वहिनी. तुला स्वतःला काय वाटतं?"

दादाने वाकून आत बघितलं, बराच वेळ.

"हेच आहे, असं वाटतं," तो म्हणाला. "पण तेव्हाही मला असंच वाटलं होतं."